2-2: इंग्लंड-भारत 2025, बरोबरी नेमकी कुठे झाली? (शेपटाचा हिशेब)

तिसरी स्लिप
ओव्हलच्या सहा धावांवर सगळीकडे भरभरून लिहून झालंय. आता जरा वही उघडू. कसोटी मालिका 2-2 सुटली, अँडरसन-तेंडुलकर करंडक पहिल्याच खेपेला वाटून घ्यावा लागला. पाचही सामने पाचव्या दिवसावर गेले. माझा मुद्दा एकच: ही बरोबरी गिलच्या 754 धावांनी किंवा बुमराच्या असण्या-नसण्याने ठरली नाही. ती ठरली सात ते अकरा क्रमांकांवर, म्हणजे शेपटात (तळाच्या फलंदाजांत).

आधी हेडिंग्ली. पहिल्या डावात आपण 3 बाद 430 होतो, सर्वबाद 471. म्हणजे 41 धावांत 7 गडी. दुसऱ्या डावात 4 बाद 333 वरून 364, 31 धावांत 6 गडी. बेरीज करा: 13 विकेट, 72 धावा. जयस्वाल 101, गिल 147, पंत 134 आणि 118, राहुल 137, एवढी पाच शतकं ठोकून कसोटी हरणारा कसोटी इतिहासातला पहिला संघ आपण. इंग्लंडला 371 मिळाले आणि त्यांनी 5 गडी राखून ते मारले. तळाने दोन्ही डावांत मिळून आणखी शंभर जोडले असते तर लक्ष्य 470 च्या घरात जातं आणि डकेटला 149 करताना इतकं मोकळं खेळता येत नाही.

आता ओव्हल, दुसरा डाव. 9 बाद 357 असताना प्रसिध आला. शेवटच्या जोडीने 39 जोडल्या आणि प्रसिधच्या नावावर भोपळा. सगळं वॉशिंग्टनने केलं, 46 चेंडूंत 53. सामना किती धावांनी जिंकला? 6.

चर्चा व्हावी.

गुड लेंग्थ
शेपटाचा मुद्दा मान्य, पण हेडिंग्लीचं सगळं खापर शेपटावर फोडू नका राव. झेल कोण मोजणार? जयस्वालने त्या सामन्यात चार सोडले. त्यातला डकेटचा चौथ्या डावात 97 वर, सिराजच्या चेंडूवर. शिवाय पहिल्या डावात ब्रूक शून्यावर झेल देऊन बसला होता आणि बुमराचा नो-बॉल निघाला. ब्रूक गेला 99 वर. पाय रेषेच्या पुढे पडणं ही गोलंदाजाची सगळ्यात टाळता येण्यासारखी चूक. धावसंख्येच्या रकान्यात ती एक धाव म्हणून दिसते, प्रत्यक्षात शंभराला पडली.

तिसरी स्लिप
झेलांबद्दल वाद नाही. पण झेल दोन्ही बाजूंनी सुटले. मँचेस्टरला जडेजाचा पहिलाच चेंडू बॅटची कड घेऊन स्लिपमध्ये रूटकडे गेला आणि सुटला. पुढे तो 107 नाबाद. शेपटाचं तसं नाही. आपलं गळणं हे संघनिवडीतून येतं. हेडिंग्लीला बुमरा, सिराज, प्रसिध असे तीन खरेखुरे अकरा नंबर एकाच संघात होते. इंग्लंडकडे वोक्स आणि कार्स आठ-नऊवर. वोक्सने पहिल्या डावात 38 केल्या, आणि आपण 471 करूनही आघाडी फक्त 6 धावांची उरली.

स्कोअरवही
चर्चा सुरूच आहे तर सगळ्यांसाठी आकडे एका जागी टाकतो, नंतर शोधाशोध नको.

हेडिंग्ली (20-24 जून): भारत 471 व 364, इंग्लंड 465 व 5 बाद 373. इंग्लंड 5 गडी राखून.
एजबॅस्टन (2-6 जुलै): भारत 587 व 6 बाद 427 घोषित, इंग्लंड 407 व 271. भारत 336 धावांनी.
लॉर्ड्स (10-14 जुलै): इंग्लंड 387 व 192, भारत 387 व 170. इंग्लंड 22 धावांनी.
ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर (23-27 जुलै): भारत 358 व 4 बाद 425, इंग्लंड 669. अनिर्णित.
ओव्हल (31 जुलै-4 ऑगस्ट): भारत 224 व 396, इंग्लंड 247 व 367. भारत 6 धावांनी.

नाणेफेक पाचही वेळा गिल हरला. इंग्लंडने चारदा आधी गोलंदाजी घेतली, त्यात एक जिंकले, दोन हरले, एक अनिर्णित. फक्त लॉर्ड्सला आधी फलंदाजी घेतली आणि तो सामना काढला. गंमत म्हणून बघा.

गुड लेंग्थ
तारखांत एक गोष्ट दडलीय. सामन्यांमधले मोकळे दिवस मोजा: पहिल्या-दुसऱ्यात 7, मग 3, मग 8, मग परत 3. बुमरा पाचपैकी तीनच खेळणार हे दौऱ्याआधी ठरलं होतं. त्यात पहिल्या कसोटीनंतर आठवडाभर सुट्टी असूनही एजबॅस्टनला तो बसला, कारण लॉर्ड्सच्या आधी तीनच दिवस होते. वेगवान गोलंदाजाच्या पाठीचा विचार केला तर हे बरोबर आहे. सामन्याआधी किती विश्रांती मिळाली एवढं बघून चालत नाही, हा सामना खेळला तर पुढच्याला किती मिळेल तेही बघावं लागतं. ओव्हलच्या वेळी तर तिन्ही सामने खेळून झाले होते.

आणि हो, तो नसताना दोन्ही जिंकलो, असताना दोन हरलो आणि एक अनिर्णित. यावरून कुणी कृपया सिद्धांत काढू नये. लॉर्ड्सला 5/74, हेडिंग्लीला 5/83 आहेत त्याच्या नावावर.

नाइट वॉचमन
सिद्धांत नाही, पण निरीक्षण काढतो :) बुमरा नसला की बाकीच्यांच्या टप्प्यात फरक पडतो. एजबॅस्टनला आकाशदीप (सामन्यात 10/187) आणि सिराज (6/70) दोघांनीही फलंदाजाला पुढे खेचलं. नव्या चेंडूवर चेंडू पॅडच्या वरच्या टोकाला किंवा स्टंपच्या माथ्यावर लागेल असा टप्पा. बुमरा असताना समोरून धावा रोखायच्या या नादात टप्पा दोन-तीन फूट मागे येतो, आणि ड्यूक (इंग्लंडमध्ये वापरतात तो चेंडू) मागे आपटलं की स्विंगला वेळच मिळत नाही.

आकाशदीपचा रूटला टाकलेला चेंडू आठवतोय का? क्रीजच्या कोपऱ्यातून आला, कोनाने आत येतोय असं वाटत सरळ निघाला, त्रिफळा. तेव्हा मागचा पाय बाहेरच्या रेषेला लागला म्हणून नो-बॉल हवा होता अशी ओरड झाली. नियम असा की मागचा पाय जमिनीला पहिल्यांदा टेकतो तो क्षण बघायचा. तेव्हा पाय रिटर्न क्रीजच्या (बाजूच्या रेषेच्या) आत आणि रेषेला न लागता असला की झालं. नंतर टाच कुठे सरकली याला अर्थ नाही.

चहापानानंतर
सगळे शेपटावर बोलताय तर लॉर्ड्सवर बोला. 193 हवे होते. चौथ्या दिवसअखेर 4 बाद 58, पाचव्या दिवशी उपाहारापर्यंत 8 बाद 112. तिथून जडेजा-बुमरा 22 षटकं, 35 धावा. बुमरा 54 चेंडूंत 5. मग सिराज 30 चेंडूंत 4. जडेजा 181 चेंडूंत नाबाद 61. बावीस धावा कमी पडल्या. जडेजाने फटके मारायला हवे होते की नाही? मला वाटतं, हवे होते. बशीर तुटलेल्या बोटाने टाकत होता.

तिसरी स्लिप
इथे मी जडेजाच्या बाजूने. क्षेत्ररचना आठवा. पहिल्या चार चेंडूंना स्टोक्स (इंग्लंडचा कर्णधार) सगळे सीमारेषेवर पाठवायचा, म्हणजे एक धाव घे आणि बुमरा समोर ये. पाचव्या-सहाव्याला सगळे आत, म्हणजे एक धाव घेऊन दाखव. या सापळ्यात चार चेंडू सोडायचे, पाचवा किंवा सहावा गॅपमध्ये ढकलायचा, एवढंच शिल्लक राहतं. षटकाला एक-दीड धाव निघणार, हे गणितातच आहे. खेळपट्टी पाचव्या दिवशी दोन गतीची झाली होती. एक चेंडू गुडघ्याएवढा, पुढचा छातीला. अशा ठिकाणी सीमारेषेवर पाच जण असताना उंच मारणं म्हणजे झेलाचं आमंत्रण. बुमरा तेच करायला गेला, पुल मारला, मिडऑनला राखीव खेळाडूच्या हातात.

चूक शोधायचीच तर पहिल्या डावात शोधा. दोन्ही संघ 387. तिसऱ्या दिवशी उपाहाराच्या तोंडावर पंत 74 वर धावचीत, कारण राहुल 98 वर होता आणि त्याला उपाहाराआधी स्ट्राइक द्यायची होती. उपाहारानंतर राहुल 100 करून लगेच गेला. जमलेल्या दोघांपैकी एक गेला तो एका धावेच्या हौसेपायी. आघाडी 60-70 ची झाली असती तर चौथ्या डावात 193 च्या जागी सव्वाशेचा पाठलाग होता.

चहापानानंतर
मान्य, पण इंग्लंडचे 387 तरी कसे झाले? 7 बाद 271 होते. जेमी स्मिथचा झेल राहुलने 5 वर सोडला. स्मिथ 51, कार्स 56, आठव्या विकेटला 84. हाच तुमचा शेपटाचा सिद्धांत, उलट बाजूने.

तिसरी स्लिप
हे मी मुद्दामच लिहिलं नव्हतं, कुणीतरी आणणार हे माहीत होतं. +1.

जुना चेंडू
त्याच डावात, दुसऱ्या दिवशी सकाळी चेंडू बदलला गेला हे विसरलात. दुसरा नवा चेंडू 80 षटकांनंतर घेतला. बुमराने त्याच चेंडूवर स्टोक्स, रूट, वोक्स असे तिघे काढले. 10.3 षटकांत आकार बिघडला म्हणून बदल. बदली मिळाला तो बराच जुना दिसत होता, गिल पंचांशी वाद घालताना सगळ्यांनी पाहिला. तोही 8 षटकांत परत बदलावा लागला. स्मिथ-कार्सची 84 त्या पहिल्या बदलानंतरची.

प्रक्रिया ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पंचांकडे दोन कड्या असतात. चेंडू मोठ्या कडीतून गेला पाहिजे आणि लहान कडीतून जाता कामा नये. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये नव्या चेंडूचा परीघ 22.4 ते 22.9 सेंमी, वजन 155.9 ते 163 ग्रॅम. मोठ्या कडीत अडकला की चेंडू कुठेतरी फुगलाय, बदलायचा. चौथा पंच पेटी आणतो, त्यात वेगवेगळ्या वयाचे वापरलेले चेंडू असतात, आणि पंच त्यातला मूळ चेंडूइतकी झीज झालेला निवडतात. इथे कर्णधाराला मत नाही. पसंत नाही म्हणून परत करता येत नाही.

म्हणूनच चेंडू बदलायला सांगणं हा जुगार आहे. मऊ पडला म्हणून बदल मागता येत नाही, आकार गेला तरच मिळतो. आणि चेंडू थोडा वेडावाकडा असूनही हलत असेल तर शहाणा कर्णधार गप्प बसतो. आपण 63 चेंडूंत तीन विकेट देणारा चेंडू स्वतः होऊन दिला. हे मला अजून पटलेलं नाही.

नाइट वॉचमन
ड्यूक या मालिकेत इतका लवकर का मेला यावर काही?

जुना चेंडू
थोडक्यात सांगतो. ड्यूक चार तुकड्यांच्या कातड्याचा, शिवण सहाच्या सहा ओळी हाताने. (कूकाबुरामध्ये मधल्या दोनच ओळी हाताच्या, बाकी यंत्रावर.) त्यामुळे ड्यूकची शिवण जास्त वेळ उठून राहते. पण शिवण उठून राहिली तरी आतला भाग मऊ पडला की चेंडू खेळपट्टीला नीट चावत नाही, आणि कड लागली तरी स्लिपच्या अलीकडे पडतो. 2025 चा इंग्लंडचा उन्हाळा भरपूर तापलेला आणि कोरडा होता. मैदानं कडक, खेळपट्ट्या कोरड्या, सीमारेषेपलीकडे जाहिरातफलकांवर आपटणारे फटके भरपूर. तिशीच्या षटकांपर्यंत चेंडू ढिला. मग 30 ते 80 हा पट्टा फलंदाजांचा. एजबॅस्टनला 5 बाद 84 वरून ब्रूक आणि स्मिथने 303 ची भागी केली ती याच पट्ट्यात. दुसरा नवा चेंडू आला आणि डाव कोसळला. एका डावात सहा जण शून्यावर गेले, तरी 407!

गुड लेंग्थ
म्हणजे इंग्लंडमध्ये सध्या सामना तीन तुकड्यांत खेळला जातो: पहिली 30 षटकं, मधली 50, आणि दुसरा नवा चेंडू. मधल्या पन्नासात षटकाला 3 च्या आत ठेवणारा कुणीतरी लागतो. आपल्याकडे ते काम जडेजा-सुंदर करतात, म्हणून कुलदीपला जागा मिळाली नाही. कुलदीपप्रेमी आता तुटून पडणार, पण संघव्यवस्थापनाचा हिशेब आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाजी हा होता. तिसरी स्लिपच्या मुद्द्याकडेच येतो हा.

चहापानानंतर
तुटून पडतो. पाच दिवसांत 20 विकेट कोण काढणार? मँचेस्टरला 669 खाल्ले, 157 षटकं क्षेत्ररक्षण. सुंदरला बॉल दिला कधी, 68 षटकांनंतर! त्यापेक्षा विकेट काढणारा मनगटी फिरकीपटू परवडला असता.

गुड लेंग्थ
परवडला असता, जर मँचेस्टरच्या दुसऱ्या डावात सुंदरच्या जागी कुलदीप 3 बाद 188 वर आला असता आणि पुढे जडेजाबरोबर 203 नाबादची भागी केली असती तर. :)

सीमारेषा
मँचेस्टरच्या त्या हस्तांदोलनावरून अजून वाद चालू असतील तर नियम सांगतो. शेवटच्या तासात किमान 15 षटकं टाकावी लागतात. तो तास सुरू होताना दोन्ही कर्णधार राजी असतील तर सामना तिथेच अनिर्णित म्हणून सोडता येतो. दोघेही, एक नव्हे. स्टोक्सने हात पुढे केला, जडेजा 89 वर आणि सुंदर 80 वर होता, त्यांनी नाही म्हटलं. इतकंच.

निकालाची शक्यता शून्य होती हे खरं. भारत 75 पुढे, सहा विकेट हातात, 15 षटकं शिल्लक. पण 2 बाद 0 (पहिल्याच षटकात जयस्वाल आणि सुदर्शन) वरून दिवस-दीड दिवस झुंजून आलेल्या संघाने शतकं सोडावीत ही अपेक्षा मला अजब वाटते. इंग्लंडला घाई होती ती पुढच्या कसोटीची. मध्ये तीन दिवस, आणि 143 षटकं पायात. ब्रूकला चेंडू देऊन त्यांनी राग काढला, फुकट धावा दिल्या, संपलं.

नाइट वॉचमन
तो सामना वाचला कसा हे जास्त शिकण्यासारखं आहे. गिल-राहुलची 188 ही मुख्य. पण पाचव्या दिवशी डॉसन डावखुऱ्या जडेजा-सुंदरला का काढू शकला नाही, ते बघा. उजव्या हाताचे वेगवान गोलंदाज ओव्हर द विकेट टाकून पुढे धावतात, त्यांच्या पायांचे खड्डे दुसऱ्या टोकाच्या डावखुऱ्याला ऑफ स्टंपच्या बाहेर येतात. डावखुरा फिरकीपटू तिथे टाकतो तेव्हा चेंडू डावखुऱ्याच्या आत वळतो. धोका दिसतो मोठा, पण पॅडला ऑफच्या बाहेर लागला आणि फलंदाजाने फटक्याचा खरा प्रयत्न केला असेल तर पायचीत नाही. म्हणून दोघांनी पुढचा पाय ऑफच्या बाहेर टाकला, बॅट पॅडला चिकटवून ठेवली, हात सैल. कड लागली तरी चेंडू पायाशी पडणार. फक्त पाय न टाकता बॅट पुढे न्यायची नाही, तेवढं पाळलं. डॉसनला दुसऱ्या डावात एकही मिळाला नाही. उजव्या हाताचे फलंदाज असते तर तोच चेंडू बाहेर निघाला असता आणि स्लिप जागी झाली असती.

जुनी पानं
अवांतर: इंग्लंडशी बरोबरीची ही पहिली वेळ नव्हे. 1951-52 ला 1-1, त्यातला मद्रासचा विजय हा आपला पहिलावहिला कसोटी विजय, विनू मंकड 8/55 आणि 4/53. 1963-64 ला पाचही अनिर्णित, 0-0. त्याच मालिकेत मद्रासला बापू नाडकर्णींनी सलग 21 निर्धाव टाकली, 32-27-5-0. 2002 ला 1-1, हेडिंग्लीला ढगाळ हवेत नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि बांगरने 68 करून द्रविडबरोबर पहिला दिवस काढला. 2005-06 ला 1-1. 2021-22 ला 2-2, ती तर पाचवी कसोटी वर्षभराने एजबॅस्टनला खेळून. म्हणजे इंग्लंडमधली लागोपाठ दुसरी 2-2.

सीमारेषा
2021-22 च्या बरोबरीत पतौडी करंडक इंग्लंडकडेच राहिला, कारण इंग्लंडमधली आधीची मालिका (2018) त्यांनी जिंकलेली. ॲशेसमध्ये हेच. 2023 ला 2-2 झाली आणि कलश ऑस्ट्रेलियाकडे राहिला. ओल्ड ट्रॅफर्डला इंग्लंडचे 592, ऑस्ट्रेलिया दुसऱ्या डावात 5 बाद 214, अजून पिछाडीवर, आणि पाचवा दिवस पावसात वाहून गेला. यंदा करंडक नवा, आधीचा धनी कुणी नाही, म्हणून वाटणी.

स्कोअरवही
जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या गुणतक्त्यात मात्र 2-2 समसमान नाही. विजयाला 12, अनिर्णितला 4. म्हणून दोघांचे 28, साठपैकी. पण लॉर्ड्सला इंग्लंड दोन षटकं मागे होतं: षटकामागे 1 गुण आणि सामना-मानधनाच्या 5 टक्के. दोन गुण आणि 10 टक्के गेले. भारत 28/60, म्हणजे 46.67 टक्के. इंग्लंड 26/60, म्हणजे 43.33. जिंकलेल्या सामन्यात गुण घालवले. 2023 च्या ॲशेसमध्ये तर 28 पैकी इंग्लंडचे 19 कापले गेले, ऑस्ट्रेलियाचे 10.

गुड लेंग्थ
ओव्हलच्या शेवटच्या सकाळवर कुणी नीट लिहा ना. चौथ्या दिवशी 3 बाद 301 असताना मी टीव्ही बंद करायच्या बेतात होतो.

जुना चेंडू
लिहितो. 374 हवे होते. रूट 105, ब्रूक 111, दोघांची 195. ब्रूक 19 वर असताना सिराजने सीमारेषेवर झेल घेतला आणि तोल जाऊन दोरीवर पाय दिला. झेलाच्या जागी षटकार, पुढे आणखी 86 धावा. मग 332 ला बेथल, 337 ला रूट, पाऊस आणि अंधुक प्रकाश. 76.2 षटकांत 6 बाद 339. सकाळी 35 धावा, 4 विकेट. नवा चेंडू 22 चेंडू लांब.

गिलचा खरा निर्णय इथे आहे. 80 षटकं झाली, नवा घेता येत होता, घेतला नाही. डाव 85.1 षटकांत संपला, सगळा जुन्यावर. कारणं दोन. हवा ढगाळ होती आणि तो जुना चेंडू आधीच्या संध्याकाळपासून हलत होता. आणि वीसेक धावा राखायच्या असताना नवा कडक चेंडू फार महाग पडतो, कड लागली की स्लिपच्या मधून किंवा फाइन लेगला चार. त्या सकाळी प्रसिधच्या पहिल्या दोन चेंडूंवर ओव्हरटनने दोन चौकार घेतले, त्यातला दुसरा आतल्या कडेचाच. जुना चेंडू मऊ, कडेला लागून धावत नाही.

सिराजचा स्मिथला टाकलेला बघा. शिवण सरळ न धरता बोटं किंचित फाकवून, पकड सैल. चेंडू हवेत डगडगत जातो, शिवणीची कोणती बाजू टेकेल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून फलंदाज मनगट बघून ओळखू शकत नाही. ऑफ स्टंपच्या जरा बाहेर, थोडा निघाला, यष्टिरक्षकाकडे. मग ओव्हरटन पायचीत. टंगला प्रसिधचा यॉर्कर. 9 बाद 357.

चहापानानंतर
आणि वोक्स एक हात स्वेटरमध्ये बांधून आला. 17 हव्या होत्या.

जुना चेंडू
तिथे क्षेत्ररचनेची परीक्षा. लॉर्ड्सला स्टोक्सने जडेजाला जे केलं तेच आता आपल्याला करायचं होतं: अ‍ॅटकिन्सनला पहिल्या चेंडूंना मोकळं रान, शेवटच्याला कोंडी. त्याने आकाशदीपच्या हातांवरून षटकार मारला, आणि षटकाच्या शेवटच्या चेंडूवर बाय चोरली. वोक्सला स्ट्राइक मिळू द्यायची नव्हती म्हणून दोघं पळाले, ज्युरेलचा थ्रो स्टंपला लागला नाही. अशा वेळी यष्टिरक्षकाने उजव्या हाताचा ग्लोव्ह चेंडू पडायच्या आधीच काढून ठेवायचा असतो. ग्लोव्ह घालून दहा-बारा पावलांवरून अचूक फेकणं अवघड. सिराजने त्यानंतर सरळ यॉर्करच निवडला, कारण टप्प्याचा चेंडू चुकला तर षटकार जातो आणि यॉर्कर चुकला तरी बहुधा एकच धाव. अ‍ॅटकिन्सनचा त्रिफळा.

सिराज: पाच कसोट्या, 185.3 षटकं, 23 विकेट.

नाइट वॉचमन
वोक्सवरून एक प्रश्न. पंतचा पाय मोडला, वोक्सचा खांदा निखळला, दोघांनाही बदली नाही. पंतच्या जागी ज्युरेल यष्टिरक्षण करू शकला पण फलंदाजी नाही. हे असं का?

सीमारेषा
आंतरराष्ट्रीय कसोटीत त्या वेळी पूर्ण बदली खेळाडू मिळायचा तो फक्त डोक्याला मार लागून कन्कशन झालं तर (कोविडचा अपवाद वेगळा). बाकी दुखापतीला राखीव क्षेत्ररक्षक. 2017 च्या नियमांपासून तो पंचांच्या परवानगीने यष्टिरक्षणही करू शकतो, पण गोलंदाजी, फलंदाजी नाही. बीसीसीआयने 2025-26 हंगामापासून देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत गंभीर दुखापतीसाठी बदली खेळाडू आणला. अट अशी की दुखापत मैदानावर, खेळताना, बाहेरच्या आघाताने झालेली हवी. स्नायू ताणला म्हणून चालत नाही, नाहीतर दमलेला गोलंदाज चौथ्या दिवशी बदलून घ्यायची पळवाट निघेल.

गुड लेंग्थ
म्हणजे वोक्सला त्या नियमात बदली मिळाली असती, आणि ओव्हलला इंग्लंड पहिल्या दिवसानंतर तीनच सीमर घेऊन खेळलं ते झालं नसतं. 396 मधले किती कमी झाले असते?

तिसरी स्लिप
किमान 39 तरी. थकलेले तीन सीमर, टंग 125 धावांत 5, आणि शेवटच्या जोडीसमोर सगळे सीमारेषेवर. वॉशिंग्टनने चार षटकांत सामना फिरवला. पुढच्या दौऱ्याला आठवा क्रमांक निवडताना हाच डाव लावून बघा. प्रसिधला दोनच चेंडू खेळायला दिले त्याने.